गाडीच्या दुरुस्तीचं बजेट: आधी मागची बाकी काढा

पगाराच्या इतके टक्के गाडीसाठी काढून ठेवा, असा सल्ला देणाऱ्याने गॅरेजचं पक्कं बिल कधी नीट वाचलेलं नसावं. टायर पगारावर झिजत नाहीत, किलोमीटरवर झिजतात. मागच्या वर्षी गॅरेजला गेले तेवढेच यंदा धरा, हा सल्लाही तसलाच. मागच्या वर्षी नुसतं ऑइल बदललं आणि यंदा चार टायर आणि क्लच एकदम आले, तर त्या अंदाजाचं काय करायचं?

खालचा हिशोब १२०० सीसीच्या पेट्रोल हॅचबॅकचा आहे. गाडी सहा वर्षांची, ७०,००० किमी झालेली, वर्षाला १२,००० किमी फिरणारी. दर नमुन्याला घेतले आहेत. तुमच्या गावातल्या पार्टच्या दुकानात आणि मिस्त्रीकडे विचारून तुमचे आकडे टाका, रीत हीच ठेवा.

१. ठरलेला खर्च

हे सोपं आहे. १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग: ऑइल, ऑइल फिल्टर, तपासणी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. विमा आणि पीयूसी दरवर्षी. विम्यातला थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तिथे घासाघीस होत नाही. उरलेल्या भागात करा. छोट्या पोच्यासाठी क्लेम करू नका, नो क्लेम बोनस शून्यावर येतो आणि पाच वर्षं क्लेम न करता मिळवलेली ५० टक्के सूट एका बंपरपायी जाते. विमा संपून ९० दिवस उलटले तरीही ती जाते.

सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, एसीचा सुगंधी फवारा, पुन्हा एकदा अंडरबॉडी कोटिंग असं काही दिसलं तर सही करण्याआधी खोडायला लावा. गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात जे नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

२. झिजणाऱ्या वस्तूंचा दर किलोमीटरला

बहुतेकांचं बजेट पहिल्याच पायरीवर संपतं, आणि खरा पैसा इथे जातो. प्रत्येक वस्तूची मजुरीसकट किंमत घ्या आणि तिच्या आयुष्याने भागा.

चार टायर, अलाइनमेंट-बॅलन्सिंग धरून १८,००० रुपये, आयुष्य ४०,००० किमी: किलोमीटरला ४५ पैसे.
क्लच सेट ९,००० रुपये, ८०,००० किमी: ११ पैसे (नेमके ११.२५).
सस्पेन्शन (शॉकअप, लोअर आर्मचे बुश म्हणजे सांध्यातली रबरं, लिंक रॉड) १६,००० रुपये, ६०,००० किमी: २७ पैसे.
पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे लायनर मिळून: ११ पैसे.

बेरीज ९४ पैसे. वर्षाच्या १२,००० किमीला ११,२८० रुपये. बॅटरी आणि एसी किलोमीटरवर चालत नाहीत, ते वर्षावर धरा: ४,५०० ची बॅटरी तीन वर्षं म्हणजे वर्षाला १,५००, आणि एसीला २,५००. एकूण १५,२८०, म्हणजे महिन्याला पावणेतेराशेच्या आसपास. हे सर्व्हिसिंग आणि विम्याच्या वर.

क्लचला नुसत्या प्लेटचा भाव लिहू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलतात, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच लागते. हजार-दीड हजार वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं की सहा महिन्यांत तोच गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो.

गाडी कमी फिरत असेल तर टायरचा हिशोब उलटा करा. वर्षाला ५,००० किमी चालवणाऱ्याचे टायर ४०,००० पर्यंत पोचायला आठ वर्षं लागतील, पण रबर त्याच्या आधीच कडक होऊन तडकतं. अशांनी १८,००० ला पाचने भागावं: वर्षाला ३,६००.

३. मागची बाकी

लोक चुकतात ते इथे. वरचा दर काढतात, महिन्याला तेराशे टाकायला लागतात, आणि चौथ्या महिन्यात गॅरेजवाला वीस हजारांचा आकडा सांगतो. मग बजेट म्हणजे नुसती कागदावरची गोष्ट म्हणून सोडून देतात. दर बरोबर असतो. गाडीने आधीच खाऊन टाकलेलं आयुष्य कोणी मोजलेलं नसतं. वहीत जशी मागील बाकी पुढे ओढतात तशी ती ओढायची असते.

आपल्या नमुन्याच्या गाडीची बाकी बघा. टायर ३०,००० किमी चालले: ३०,००० गुणिले ४५ पैसे, १३,५०० रुपये. क्लच कंपनीचाच आहे, ७०,००० किमी झाले: नेमक्या ११.२५ पैशांनी ७,८७५. सस्पेन्शनला हात लागलेला नाही, त्याचे ६०,००० कधीच उलटून गेले, म्हणून पूर्ण १६,०००. बॅटरी दोन वर्षांची: ३,०००. ब्रेक नुकतेच केलेत, म्हणून शून्य. बेरीज ४०,३७५ रुपये. तेराशेचा पहिला हप्ता टाकण्याआधीच गाडीचं एवढं देणं आहे.

सगळं आज भरायची गरज नाही. सस्पेन्शनचे १६,००० आत्ताचे. टायर आणि क्लच दोघांचेही १०,००० किमी उरलेत, म्हणजे दहा महिने. त्यांची बाकी २१,३७५, तर दहा महिने दरमहा साधारण २,१५० जास्तीचे टाका. बॅटरीला एक वर्ष आहे, तिचे महिन्याला २५०.

पैसे कमी पडत असतील तर क्रम बदला, पण एक क्रम कधीही उलटा करू नका: बुश आणि शॉकअप आधी, टायर नंतर. ढिल्या बुशवर अलाइनमेंट टिकत नाही. नवे टायर आतल्या कडेने घासत जातात आणि ४०,००० चालायचे ते १५,००० वर गुळगुळीत होतात. टायर डोळ्याला दिसतो, बुश दिसत नाही, म्हणून लोक टायर आधी घेतात. क्लच मात्र किलोमीटर भरले म्हणून बदलायचा नसतो. चढावर चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तेव्हा बदला. तोवर त्याचे पैसे बाजूला राहू द्या, दुसरीकडे वळवू नका. एसी सगळ्यात शेवटी.

जुनी गाडी विकत घेताना हीच बेरीज सौद्याआधी करा आणि किमतीतून वजा करा. विकणारा म्हणेल, टायर एकदम नवे आहेत. टायरच्या बाजूला शिक्क्यातले शेवटचे चार आकडे वाचा: २३२० असेल तर तो २०२० च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे, खाचा कितीही खोल दिसोत.

४. आपल्या भागाची वजावट

पुस्तकातलं आयुष्य मराठवाड्यात जसंच्या तसं धरू नका. तालुक्याच्या आतल्या रस्त्यांवर, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या कडांवर रोज जाणं असेल तर सस्पेन्शनचे ६०,००० काढून ४०,००० लिहा. दर २७ चा ४० पैसे होतो, वर्षाला दीड हजार जास्तीचे. काळ्या मातीच्या रस्त्यावर धूळ उडते तिथे एअर फिल्टर दर ५,००० किमीला झटकून घ्या आणि पुस्तकातला धुळीच्या वापराचा वेगळा तक्ता पाळा. बॅटरीला तीन वर्षं का धरली? परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची बॅटरी थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर संपते.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं बोअर जड. क्षार नळ्यांत बसतात, इंजिन तापतं, त्याचं हेड (वरचा भाग) वाकतं, आणि कूलंटचे हजारभर वाचवलेले हेडच्या कामात वीस-तीस हजार होऊन जातात. घरी तयार मिसळलेल्या कूलंटचा एक लिटरचा डबा ठेवा. शेताजवळ घर असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडण्यासाठीही दोन-तीन हजार धरा. पोती आणि गाडी एकाच शेडमध्ये असतात तिथे हे दर हिवाळ्यात घडतं.

५. पैसा कधी भरायचा

पगारदाराने आरडी लावावी, विषय संपला. शेतीवर घर चालत असेल तर महिन्याचा हप्ता सांगणारे सल्ले सोडून द्या. जूनमध्ये बी-खताच्या वेळी तो हप्ता मोडणारच. लातूरकडे सोयाबीन विकल्यावर, परभणी-जालन्याकडे कापसाच्या पट्टीवर, उसाचं बिल जमा झाल्यावर वर्षाचे १५,२८० आणि त्या वर्षीची बाकी एकदम वेगळ्या खात्यात टाका. ते खातं फोनवरच्या यूपीआयला जोडू नका.

खर्चाचीही वेळ धरा. एसी फेब्रुवारीत दाखवा. एप्रिलमध्ये मेकॅनिक हाती लागत नाही आणि घाई असते म्हणून भावही तो म्हणेल तो. बॅटरीची तपासणी मार्चमध्ये. टायर आणि वायपर मृग लागायच्या आत, म्हणजे मेअखेर. समृद्धीवरून लांबचा प्रवास असेल तर पाच वर्षांवरचे टायर घेऊन जाऊ नका, आणि हवा सकाळी टायर थंड असताना भरा.

६. गॅरेजमध्ये

वॉरंटी संपली असेल तर सस्पेन्शन, ब्रेक आणि क्लच चांगल्या मिस्त्रीकडे करा. पार्ट स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणा. एस्टिमेटमध्ये पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, काढलेला जुना पार्ट परत मागा. आणि प्रत्येक कामानंतर वहीत तारीख, किमी आणि रक्कम लिहा: दोन वर्षांनी वरच्या ४०,००० आणि ६०,००० च्या जागी तुमच्याच गाडीचे आकडे येतील.