ख्रिस्ती विश्वासात टिकणारं समाधान हवंय? मग हे करून बघा

कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या मेळाव्याला, जाऊन आलं की चार दिवस भारी वाटतं, गाणी डोक्यात घुमत असतात, आणि मग परत ऑफिस, लोकल, ईएमआय, सगळं तेच, मग वाटतं आपला विश्वासच कच्चा. तसं नसतं हो. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा ४ था अध्याय काढा, येशूचा प्रेषित पौल म्हणतो की असेन त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, आणि हे तो कैदेत बसून लिहितोय! शिकलोय म्हणजे आधी येत नव्हतं ना. (स्टेटसला सगळे १३ वं वचन टाकतात, 'मला सर्व काही शक्य आहे' वालं, त्याच्या वरची दोन कोणी वाचत नाही.)

पंडिता रमाबाईंचंच बघा. बाप्तिस्मा १८८३ ला, इंग्लंडमध्ये. पण नंतर स्वतःच साक्षीत सांगितलंय त्यांनी, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढं काही वर्षं गेली. एवढ्या विदुषीला वेळ लागला तर आपण कशाला घाई करायची.

बायबल वाचायला मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून, सुरुवात करा. उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, जोशात सुरू करणारे बरेचजण लेवीय पुस्तकातल्या नियमांत अडकतात आणि बायबल परत कपाटात जातं. मार्कचे १६ च अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, रोज एक अध्याय, जमलं तर मोठ्यानं. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय घ्या, विहिरीवरची शोमरोन प्रांतातली बाई. येशू तिला उपदेश नाही करत आधी, प्यायला पाणी मागतो, आणि मग बोलता बोलता तिच्या खऱ्या तहानेवर येतो. ते वाचून झालं की फोन बाजूला ठेवून स्वतःला विचारा, माझी तहान नेमकी कशाची आहे, प्रमोशनची, लोकांनी चांगलं म्हणण्याची, की अजून कशाची? उत्तर वहीत लिहा, कोणाला दाखवायचं नाहीये.

प्रार्थनेत गोड बोलायलाच पाहिजे असं काही नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ फक्त ६ वचनांचं आहे, सुरुवातच 'किती काळ मला विसरणार' अशी तक्रारीनं होते आणि शेवटी गाण्यावर येतं. शब्द सुचत नसतील तेव्हा तेच स्तोत्र म्हणायचं, आपली तक्रार मधे घालून.

रात्री झोपताना दिवस एकदा उलगडून बघा. ही सवय जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलानं १६ व्या शतकात शिकवली, कॅथलिक लोकांना माहीत असेल, पण बाकीच्यांनी करायला काय हरकत आहे? आज कशाबद्दल थँक्यू म्हणावंसं वाटतं, देव कुठं जवळ वाटला, कुठं माझं चुकलं, उद्याला काय मदत हवी. दहा मिनिटं पुरतात.

आणि कोरडे दिवस येणारच. मदर तेरेसांच्या पत्रांतून कळलं की कित्येक वर्षं त्यांना आतून अंधारच वाटत होता, तरी काम थांबलं नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तेही बायबलमध्ये ठेवलंय. काही वाटत नसलं तरी ठरलेल्या वेळेला बसायचं, एवढंच. पण झोप, भूक सगळंच गेलं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे पण जा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

एकट्यानं हे फार दिवस चालत नाही, मंडळी, म्हणजे चर्च, पाहिजे. मोठं स्टेज, लाइटिंग नसलं तरी चालेल, उपासनेनंतर चहाला थांबून 'काय रे, मागच्या रविवारी दिसला नाहीस' असं विचारणारी माणसं हवीत. तिथंच आजारी माणसाला भेटायला जाणं, कोणाच्या पोरांचा अभ्यास घेणं असलं एखादं काम अंगावर घ्या, स्वतःच्याच मनाची नाडी तपासत बसणं आपोआप कमी होतं. पैसे द्या म्हणजे आशीर्वाद मिळेल असं कोणी सांगायला लागलं तर सरळ उठून या. नवीन असाल तर दोन-तीन रविवार नुसतं मागं बसून बघा, लगेच नाव-नंबर द्यायची पण गरज नाही.