जुन्या गाडीचं फिरतं घर करताय? या चुका टाळा

जुनी ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घ्यायची आणि तिचं आतून घर करायचं, ही हौस साताऱ्यातही आता बरेच जण करू लागलेत. मला ते मनापासून आवडतं. पण कुणी गाडी दाखवायला आणली आणि आत नवाकोरा सनमायका दिसला की पोटात गोळाच येतो. "टपावर पाणी मारून बघितलं का?" हा माझा पहिला प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं.

गळती न शोधता आतलं काम काढणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मी ती केलेली आहे. एप्रिलमध्ये गाडी घेतली आणि मेअखेर पलंग, कपाटं, छताचा प्लाय सगळं उरकलं. जुलैत बामणोलीला मुक्काम केला, रात्रभर पाऊस. सकाळी मागच्या बाजूची गादी ओलीचिंब. मागच्या खिडकीचं रबर गळतंय असं समजून तिथे सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली. पुढच्या पावसात पुन्हा तेच. शेवटी छताचा प्लाय उचकटला तेव्हा उलगडा झाला. पाणी शिरत होतं पुढे, जुन्या कॅरिअरच्या बोल्टाच्या भोकातून. गाडी उतारावर मागे कललेली होती, त्यामुळे ते आतल्या पट्टीवरून वाहत मागे येऊन टपकत होतं. तोवर प्लायचे थर सुटले होते आणि पत्रा आतून गंजला होता. दोन महिन्यांचं काम चार दिवसांत उखडून टाकावं लागलं.

तेव्हापासून मी आधी गाडी आतून पत्र्यापर्यंत मोकळी करतो. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून वर मारत जायचं: आधी खिडक्या, मग टपाची कड, शेवटी टप. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक नेमकं कुठलं ते कळत नाही. मग गाडीचं तोंड चढाकडे करून एकदा, उताराकडे करून एकदा. सापडलेल्या जागेवर खडूची खूण. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्यावर नवं धरत नाही. सांध्यांना मी पॉलियुरेथेन सिलंटच भरतो. पत्रा तापतो, आकसतो, रस्त्यावर हादरतो, तरी ते सांधा सोडत नाही, आणि त्यावर रंगही बसतो. गंज दिसला तर लोखंडी ब्रशने घासून रेड ऑक्साइड प्रायमर. गंजावरच लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे मला बघवत नाहीत, कारण खाली पत्रा कुजतच राहतो.

आतलं काम काढण्याआधी एक पावसाळा थांबा म्हटलं की लोकांचे चेहरे उतरतात. पण आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. तिथे गाडी नेणार असाल तर चार महिने थांबायला काय हरकत आहे?

दुसरी चूक वायरिंगची. घरात २३० व्होल्टला १,००० वॅटचं यंत्र चार-साडेचार अँपिअर घेतं. तेच १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरने चालवलं तर ८३ अँपिअरच्या पुढे जातं. कराडच्या एका मित्राने घरातली उरलेली वायर बॅटरी ते इन्व्हर्टर अशी जोडली, मध्ये फ्यूजही नाही. मिक्सर लावला आणि वायरचं आवरण वितळून गाडीत धूर. तो लगेच बॅटरीची क्लॅम्प ओढू शकला म्हणून निभावलं. जाड, बारीक तारांची तांब्याची केबल घ्या आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवा. मी फ्यूज बसल्याशिवाय दुसरं टोक जोडतच नाही.

वजनाकडेही कुणी बघत नाही. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा एक ताव तीसेक किलो, १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो. सगळं एकाच बाजूला ठेवलंत तर पसरणी घाटाच्या वळणांवर गाडी कशी कलते ते कळेल.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीबाहेर उघडणारी जाळी हवीच.

सीट काढण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.

आणि प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लाय. कापलेल्या कडांनाही प्रायमर लावा, पाणी आधी तिथूनच शिरतं.