तव्याचा एक फटका: मांजर-उंदराचा गॅग ९६ फ्रेममध्ये कसा बसवायचा

‘टॉम अँड जेरी’चे १९४० ते १९५८ या काळातले एमजीएम स्टुडिओचे लघुपट विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी केले. गॅग, म्हणजे छोटा विनोदी प्रसंग, सुचवणं आणि त्याची रेखाटनं करणं हा मुख्यतः बार्बेरांचा प्रांत, तर कुठली हालचाल किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची किती सुटी चित्रं, चालणार हे हॅना ठरवत. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीही हॅनांचीच. हातात पेन्सिल घेण्याआधी हॅनांचं काम करायचं, म्हणजे फ्रेम मोजायच्या.

सेकंदाला २४ फ्रेम धरा. दर १२ फ्रेमला संगीताचा एक ठोका ठेवला की मिनिटाला १२० ठोके होतात. ठोके पडतात १, १३, २५, ३७ आणि ४९ या फ्रेमवर. फटका बरोबर ४९ वर बसवायचा, म्हणजे मागाहून संगीत जोडताना ओढाताण होत नाही.

१ ते २४ पाठलाग. मांजराच्या धावण्याचं एक आवर्तन ८ फ्रेमचं, म्हणजे पावलाला ४ फ्रेम. अशी तीन आवर्तनं, प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. एका आवर्तनात मांजर ४०० पिक्सेल अंतर कापत असेल, तर पार्श्वभूमी फ्रेममागे ५० पिक्सेलच सरकली पाहिजे. हे गणित चुकलं की पाय बर्फावर घसरल्यासारखे दिसतात.

२५ ते ३० उंदीर दाराआड सटकतो.

३१ ते ४२ उंदीर तवा उगारून उभा. सगळ्या गॅगचा जीव या अर्ध्या सेकंदात आहे. मांजराला जे कळलेलं नाही ते प्रेक्षकाला इथेच कळतं, म्हणून पडद्यावर दुसरं काहीही हलू देऊ नका. तवा उंदरापेक्षा मोठा काढा आणि चित्र पूर्ण काळं भरून पाहा. नुसत्या आकारावरून तवा ओळखू आला नाही, तर उभं राहण्याची ढब बदला.

४३ ते ४६ मांजर भरधाव येतं.

४७ आणि ४८ तवा फिरतो. नवशिके इथे हमखास चुकतात: गुळगुळीत दिसावं म्हणून मधली चित्रं वाढवतात आणि तवा पिसासारखा तरंगत येतो. दोनच चित्रं पुरेत, त्यातही ४८ वर तव्याचा स्पष्ट आकार न काढता वळणावर ताणलेला रंगाचा पट्टा काढा. आदळण्यापूर्वी वेग अजिबात कमी करायचा नाही.

४९ ते ५१ आघात. चेहरा तव्यावर चपटा होतो. तो दीडपट उंच झाला तर जाडी दोन-तृतीयांशावर आणा. आकारमान राखलं नाही तर मांजर रबराचं न वाटता फुग्यातली हवा गेल्यासारखं वाटतं.

५२ ते ६७ थरथर. सम फ्रेमला डावीकडे, विषम फ्रेमला उजवीकडे. सुरुवात २० पिक्सेलपासून करून शून्यावर आणा. एकच चित्र दोन-दोन फ्रेम वापरण्याचा मोह इथे टाळा, नाहीतर थरथरीचं डोलणं होतं.

६८ ते ९६ मांजर तसंच उभं, चेहऱ्याला तव्याचा आकार. पूर्ण गोठवू नका. मिशीचं टोक किंचित खाली येऊ दे, एकदा पापणी लवू दे. हशा फटक्यावर सुरू होतो, पण पिकतो तो या थांब्यात. कंटाळवाणं होईल या भीतीने थांबा छाटणाऱ्यांचे गॅग धावपळीत वाहून जातात.

‘टण्ण’ आवाज ४९ वर ठेवा. चित्र मागे पडल्यासारखं वाटलं तर आवाज एखाद-दोन फ्रेम उशिरा सरकवा. आवाज जरा उशिरा आलेला कान चालवून घेतो, आधी आलेला लगेच खटकतो.

रंग भरण्याआधी कच्च्या रेषांवरच सगळं चालवून पाहा. फटका हलका वाटला तर तव्याच्या फिरण्याला हात लावू नका, उगारण्याला ४ फ्रेम वाढवा. त्या पाठलागातून काढा, म्हणजे बरोबर एक पाऊल कमी होतं आणि फटका ४९ वरच राहतो.