डोस वाढवण्याआधी पोटाला हात लावा: पॅलिएटिव्ह केअरमधल्या टाळता येणाऱ्या चुका

रात्रीचे अडीच वाजले होते. कॅन्सर हाडांत पसरलेले एक आजोबा संध्याकाळपासून कण्हत होते, चादर ओढत होते, सारखं उठून बसायला बघत होते. मी मॉर्फिनचा जादा डोस दिला. तासाभराने आणखी एक. कण्हणं थांबेना, वर ते असंबद्ध बोलू लागले. तिसऱ्या डोसची सिरिंज भरत असताना नर्स म्हणाली, "डॉक्टर, यांना दुपारपासून लघवी झालेली नाही." बेंबीखाली हात ठेवला तर तट्ट फुगलेलं मूत्राशय हाताला लागलं. कॅथेटर घातल्यावर जवळपास एक लिटर लघवी निघाली आणि दहा मिनिटांत आजोबांना झोप लागली. मॉर्फिनने लघवी तुंबू शकते हे मला पाठ होतं. तरीही तुंबलेल्या लघवीवर मी मॉर्फिनच देत राहिले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. आपल्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातल्या पेशंटचा त्रास कमी करण्याच्या कामातल्या बहुतेक चुका औषधांची माहिती नसल्याने होत नाहीत. लक्षणाचं नाव कानावर पडलं की हात औषधाकडे जातो आणि "हे आत्ताच का झालं?" हे विचारायचं राहून जातं.

केसपेपरवर नुसतं "दुखतंय" लिहिणं

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा: ठणका, ठसठस, कळ, चमक, आग, मुरडा, मुंग्या. पेशंट यातला नेमका शब्द वापरतो आणि आपण केसपेपरवर "वेदना ७/१०" लिहून मोकळे होतो. खरं तर निम्मं निदान त्या शब्दातच असतं. आग होते, करंट बसल्यासारखं होतं, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, असं कुणी सांगितलं तर नस गुंतलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसतं मॉर्फिन वाढवण्यापेक्षा ॲमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनची जोड द्यावी. मुरडा येतो आणि जातो, असं असेल तर पोटातल्या आकडीचा विचार करा. हालचाल केली की हाड ठणकतं, तेव्हा रेडिओथेरपीवाल्यांना फोन करा. हाडातल्या साध्या दुखण्यासाठी ८ ग्रेची (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) एकच फेरी बहुधा अनेक फेऱ्यांइतकाच आराम देते आणि पेशंटच्या खेपा वाचतात.

मॉर्फिन: आधी भीती, मग घाई

"लागलं तर द्या" एवढंच लिहिणं ही सर्वांत जुनी चूक. सतत असलेल्या दुखण्यासाठी औषधही घड्याळ लावून द्यावं लागतं. साधं, लवकर काम करणारं मॉर्फिन दर ४ तासांनी द्यायचं आणि मध्येच उसळलेल्या दुखण्यासाठी दिवसाच्या एकूण डोसचा साधारण सहावा भाग वेगळा लिहून ठेवायचा. दर ४ तासांनी १० मिग्रॅ चालू असेल तर दिवसाचे ६० मिग्रॅ होतात, म्हणजे जादा डोस १० मिग्रॅ. चोवीस तासांत असे तीन जादा डोस लागले, त्यांनी आराम पडला आणि गुंगी आली नाही, तर एकूण ९० मिग्रॅ झाले. उद्यापासून दर ४ तासांनी १५. मात्र ते तीनही डोस फक्त कूस बदलताना किंवा ड्रेसिंगच्या वेळी लागले असतील तर रोजचा डोस वाढवू नका. त्या कामाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक डोस द्या.

तोंडाने चालू असलेला डोस इंजेक्शनवर नेताना आकडा तसाच उतरवणं धोक्याचं आहे. तोंडाने घेतलेले ३० मिग्रॅ म्हणजे शिरेतून साधारण १०. एका ओपिऑइडवरून (मॉर्फिनच्या जातीच्या औषधावरून) दुसऱ्यावर जाताना तक्त्यात निघालेल्या डोसमधून पाव ते निम्मा हिस्सा कमी करून सुरुवात करा, कारण जुन्या औषधाची सवय नव्याला पुरती लागू होत नाही.

किडनीकडे बघायचं राहून जातं. ती मंदावली की मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक साचतात. गुंगी येते, हातपाय दचकल्यासारखे उडतात, भास होतात. हे उडणं पाहून कुणी "दुखतंय म्हणून तळमळतोय" समजून डोस वाढवला, तर गाडी आणखी उताराला लागते. अशा वेळी डोस कमी करा, दोन डोसमधलं अंतर वाढवा किंवा फेंटानिल या दुसऱ्या ओपिऑइडकडे वळा.

फेंटानिलच्या पॅचची शिस्त मात्र वेगळी. लावल्यावर पुरा असर यायला १२ ते २४ तास जातात, त्यामुळे आज रात्रीच्या ठणक्याला त्याचा उपयोग नाही. काढल्यावरही औषध बराच वेळ शरीरात राहतं. ताप चढला किंवा पॅचवर गरम पिशवी ठेवली तर ते झपाट्याने रक्तात उतरतं. ओपिऑइड कधीच न घेतलेल्या माणसाला पॅचने सुरुवात करू नका.

पेशंट गाढ झोपलेला दिसला म्हणून घाबरून मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या नॅलोक्सोनची अख्खी कुपी देणं ही त्याच भीतीची दुसरी बाजू. आधी श्वास मोजा. हाक मारल्यावर डोळे उघडत असतील आणि श्वास ठीक असेल तर पुढचा डोस थांबवून जवळ बसून राहिलं तरी बहुधा पुरतं. द्यायची वेळ आलीच तर पातळ करून, थोडं थोडं, श्वास सुधारेपर्यंतच द्या. एकदम सगळं दिलं की दुखणं सगळ्या जोराने परत येतं. तो किंचाळून उठलेला चेहरा मी पाहिला आहे.

संडास

मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरतात. बद्धकोष्ठतेची सवय शरीराला होत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सेना किंवा बिसाकोडिल लिहा, चार दिवस वाट बघू नका. पाणी नीट न पिणाऱ्या माणसाला इसबगोल दिलं तर तेच आत घट्ट बसू शकतं.

यातला फसवा प्रकार आठवडाभर संडास न झालेल्या माणसाला अचानक पातळ होऊ लागणं हा. "जुलाब लागले" म्हणून लोपेरामाइड दिलं जातं, आणि खरं तर घट्ट खड्यांच्या कडेने फक्त पाणी झिरपत असतं. गुदद्वारात बोट घालून तपासायला दोन मिनिटं लागतात. संकोचापायी ती तपासणी टळते आणि पेशंट पुढचे तीन दिवस भोगतो.

बेचैनी म्हणजे दुखणंच, असं धरून चालणं

आजोबांची गोष्ट इथलीच. घरचे म्हणतात "वात झालाय", आणि बहुतेक वेळा त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. हा डिलिरियम, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक आलेला मनाचा गोंधळ असतो. लघवी, संडास, ताप, कॅल्शियम, सोडियम, नवीन औषध, स्टेरॉइड: या क्रमाने बघत जा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड संध्याकाळी दिलं तर झोप उडू शकते, म्हणून ते सकाळी द्यावं. गुंगी आणणाऱ्या एकट्या लोराझेपामने पेशंट आणखी गोंधळू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पॅलिएटिव्ह केअरमधल्या सौम्य ते मध्यम डिलिरियमसाठी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन ही मनोविकारावरची औषधं घेणाऱ्यांपेक्षा प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) घेणाऱ्यांची लक्षणं कमी राहिली होती. मंद दिवा, चष्मा, कानाचं यंत्र आणि ओळखीचा आवाज हे आधी द्या. औषध खऱ्या त्रासासाठी किंवा धोक्यासाठी राखून ठेवा. आणि जो गप्प पडून राहतो, कुणाला त्रास देत नाही, त्यालाही डिलिरियम असू शकतो. तो तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

"आता असंच होणार" म्हणून सोडून देणं

वरच्या बऱ्याच चुका जास्त करण्याच्या. ही कमी करण्याची, आणि मला सर्वांत जास्त टोचणारी. पाठीत नवीन दुखणं, आडवं झालं की वाढतं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पायातलं बळ गेलं: हे अशक्तपणाच्या नावावर टाकू नका. मज्जारज्जू दाबला जात असेल तर डेक्सामेथासोन ताबडतोब आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय २४ तासांच्या आत. उपचार सुरू होताना जो चालतो, तो पुढेही चालण्याची शक्यता खूप जास्त असते. तसंच खूप तहान, सारखी लघवी, मळमळ आणि गुंगी एकत्र दिसली तर रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का तपासा. ते उतरवलं की काही जणांना गप्पा मारता येतील असे आठवडे परत मिळतात. तपासणी करावी की नाही असा पेच पडला तर मी स्वतःला विचारते, रिपोर्ट काहीही आला तरी उद्या आपण वेगळं काय करणार? उत्तर "काहीच नाही" असेल तर सुई टोचत नाही.

उलटीसाठी थोडक्यात. पोट साचून उलटी होत असेल तर मेटोक्लोप्रमाइड, पण आतडं पुरतं बंद असून मुरडा येत असेल तर ते बिलकुल नको. औषधाने किंवा रक्तातल्या बिघाडाने मळमळ असेल तर हॅलोपेरिडॉल कमी डोसमध्ये. पार्किन्सन असलेल्याला यातलं एकही नको.

धाप लागली की ऑक्सिजनची नळी लागते. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर नळीतून साधी हवा दिली तरी तितकाच आराम पडतो. नळीने नाक कोरडं पडतं, माणूस बेडला बांधला जातो. चेहऱ्यावर छोटा पंखा, उशा लावून पुढे झुकून बसणं आणि गरज पडली तर मॉर्फिनचा लहान डोस यांनी जास्त फरक पडतो.

घरघर आणि सलाईन

घरघर लागली की नातेवाइकांचा जीव कासावीस होतो आणि सक्शनची मशीन मागवली जाते. खोल घशातलं सक्शन बेशुद्ध माणसालाही चाळवतं. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. ग्लायकोपायरोलेट नवीन स्राव कमी करतं, आधी साचलेला काढत नाही, म्हणून उशिरा देऊन उपयोग नाही. आणि "आईला गुदमरतंय का?" या प्रश्नाला दारात उभं राहून उत्तर देऊ नका. बाजूला बसा. तिचा चेहरा शांत आहे, कपाळाला आठी नाही, आवाज आपल्याला ऐकू येतोय पण तिला तो जाणवत नसावा, हे बोट दाखवून सांगा. सलाईनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत ते बहुधा तहान भागवत नाही, पायांवर सूज आणि छातीत पाणी मात्र वाढवू शकतं. कोरड्या तोंडाला ओला बोळा आणि ओठांना मलम दर तासाला लागतं, आणि ते काम घरच्यांच्या हाती दिलं तर त्यांना करायला काहीतरी मिळतं.

संध्याकाळी वॉर्ड सोडताना किंवा पेशंटला घरी पाठवताना एक कागद भरून ठेवा. दुखणं, धाप, उलटी, बेचैनी, घरघर यांपैकी प्रत्येकासाठी कोणतं औषध, किती, किती वेळाने पुन्हा द्यायचं. इंजेक्शन जवळ ठेवलंय का. शेवटची लघवी आणि शेवटची संडास कधी झाली. रात्री फोन कुणाला करायचा, आणि त्याने उचलला नाही तर दुसरा नंबर कोणता.