हेड बोल्ट कसताय? या चुका टाळा

चार सिलिंडरचा डिझेल टेम्पो. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सील) बदलून आठवडाही झाला नव्हता, तोवर रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे, म्हणजे गॅस्केट पुन्हा गळतंय. गॅस्केट नवं, हेडला फेसिंग मारलेलं (पृष्ठभाग घासून सपाट केलेला), टॉर्क पाना (ठरवलेला पीळ, म्हणजे टॉर्क, मिळाला की टक् करणारा पाना) मीच धरला होता आणि प्रत्येक बोल्टला 'टक्' ऐकला होता. हेड परत उघडलं तर एका बोल्टचं टोक ओलं निघालं. भोकात कापडाची वात घातली, ती हिरवी होऊन आली. आधी हेड उचलताना कूलंट (रेडिएटरचं पाणी) ब्लॉकच्या तळाशी बंद असलेल्या भोकात उतरलं होतं आणि ते न काढताच मी वरून बोल्ट कसला होता. पाणी काही दाबलं जात नाही. बोल्ट त्यावर जाऊन अडला, पान्याने टक् केलं, पण हेडवर त्या जागी हवा तेवढा दाब आलाच नाही. ब्लॉक तडकला नाही हे नशीब. असल्या दाबाने ब्लॉक फुटतोसुद्धा.

तेव्हापासून टक् आवाजावर माझा आंधळा विश्वास नाही. बोल्ट फिरवायला किती जोर लागला एवढंच पाना सांगतो. आपल्याला हवा असतो बोल्टचा ताण. हेड बोल्ट ही एक कडक स्प्रिंगच समजा, ती ताणली गेली तरच हेडला खाली ओढून धरते. आणि आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे आट्यांत थोडा गंज, थोडा कार्बन असला की खाऊन जाणार ते या दहातलंच.

म्हणून भोकं साफ करणं हे अर्धं काम. आधी कॉम्प्रेसरची हवा मारा, पण भोकावर कापड धरून, नाहीतर सगळं डोळ्यात. मग आटे. इथे बरेच जण थेट टॅप फिरवतात. टॅप नवे आटे कापायला असतो. जुन्या भोकात तो धातू खरवडून आटे सैल करतो. त्यापेक्षा त्याच मापाचा एक जुना बोल्ट घ्या, हॅकसॉने त्याला उभ्या दोन-तीन खाचा पाडा, कडा घासून घ्या आणि तो हाताने आत-बाहेर करा. घाण खाचांत भरून येते. शेवटी प्रत्येक बोल्ट बोटांनी तळापर्यंत जायला हवा. मध्येच अडला तर कारण शोधा, पान्याने ढकलू नका.

तेलाचं काय? इंजिनच्या पुस्तकात टॉर्कचा आकडा तेल लावलेल्या बोल्टसाठी दिलेला असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा हात फिरवायचा, बस. तेच बोल्ट कोरडे कसले तर ताण कमी पडतो. उलट, कोरड्यासाठी दिलेल्या आकड्यावर तेल लावून कसलं तर बोल्ट जास्त ताणला जातो. बंद भोकात मात्र तेल ओतायचं नाही. वरच्या टेम्पोची गोष्ट तेलालाही लागू. काही इंजिनांत बोल्ट वॉटर जॅकेटपर्यंत (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत) जातो, तिथे आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर आट्यांतून पाणी वर चढतं.

आता बोल्ट कुठला घ्यायचा? डोक्यावर 10.9 लिहिलेलं असतं. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण 1000 न्यूटनला तो तुटतो आणि त्याच्या 90 टक्क्यांवर कायमचा ताणला जाऊ लागतो. 'मग 12.9 टाकू, अजून मजबूत' असं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट आणणारे भेटतात. तो कडक असतो खरा, पण तुटण्याआधी कमी ताणला जातो, आणि कंपनीने ज्या बोल्टची दांडी मुद्दाम बारीक ठेवलेली असते तिथे जाड दांडीचा बोल्ट वेगळाच वागतो. आट्यांचं मापही फसवतं: एम12 मध्ये 1.75 आणि 1.5 अशा दोन्ही पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) बोल्ट मिळतात. आधी दोनेक फेरे बसल्यासारखे वाटतात, मग आटे जातात.

ज्या इंजिनात ठरावीक टॉर्क देऊन पुढे 90 अंश, पुन्हा 90 अंश असं फिरवायला सांगितलंय, तिथले बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. ते मुद्दाम कायमचे ताणले जातील इतके कसलेले असतात. पुस्तकात लांबीची मर्यादा दिलेली असेल तर मोजून ठरवा, नसेल तर नवा सेट घ्या. जुना बोल्ट नव्याशेजारी धरा, नट हाताने पूर्ण आट्यांवरून फिरवून बघा. एका जागी अडतो? तिथे तो ताणलाय.

कसताना मधून सुरुवात करून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. उघडताना उलट, बाहेरून आत, आणि इंजिन थंड असताना. नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. आकड्याचं एकक आधी बघा: 9 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 88 न्यूटन-मीटर, म्हणजेच 65 फूट-पाउंड. या गोंधळात तुटलेले बोल्ट मी ड्रिल करून काढलेत, आणि ते काम शत्रूवरही येऊ नये. अंशांसाठी कोनमापी लावा, नसेल तर बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. सगळे ठिपके एकाच दिशेला ठेवून सुरू केलंत तर कुठला राहिला ते लांबूनही दिसतं.

राहिलं पुन्हा कसणं. पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला ते सहसा लागत नाही, आणि अंशांवर कसलेल्या बोल्टला तर हातच लावू नका. विहिरीवरच्या जुन्या इंजिनात जिथे जुन्या पद्धतीचं गॅस्केट असतं, तिथे इंजिन तापवून, पुस्तक म्हणेल तसं गरम किंवा थंड असताना, एकेक नट पुन्हा बघायचा. नुसता पाना लावलात तर चिकटलेल्या नटावर टक् होईल आणि तो हललेलाही नसेल. आधी पाव फेरा सैल करा, मग पूर्ण टॉर्क द्या, तो झाला की पुढचा. हे झालं की टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधला गॅप) परत तपासा. हेड खाली बसलं की पुशरॉडच्या इंजिनात (जिथे खालच्या कॅमवरून लांब दांडी रॉकर उचलते) तो गॅप कमी झालेला असतो.