कूलर खाली काढला? मग या चुका टाळा

मार्च संपता संपता माझ्या दुकानात दहा कूलर आले, तर त्यातले सहा बिघडलेलेच नसतात. होळी झाली, माळ्यावरून कूलर खाली आला, पाणी टाकलं, बटन दाबलं, गार वाटलं नाही, की निघाले ऑटोत टाकून. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात, बसस्टँडच्या मागं माझं वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या मोटारी हा खरा धंदा. पण एप्रिल-मे हे दोन महिने कूलरच खातात. वीस-बावीस उन्हाळे त्याच त्या चुका पाहून आता माझंच डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

"दादा, पंखा फिरते, पाणीबी चढते, पण गारच होऊन नाही राहिलं." हे वाक्य हंगामात पन्नासदा ऐकतो. मी एकच विचारतो, खिडकी कोणती उघडी ठेवता?

"एकबी नाही. गार हवा बाहेर जाईल ना!"

जाऊ द्या ना ती बाहेर! कूलर म्हणजे एसी नव्हे. एसी घरातलीच हवा फिरवून फिरवून थंड करतो, म्हणून त्याला दारं बंद लागतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो आणि बाजूंना लावलेल्या गवता-वाळ्याच्या ओल्या ताटीतून गाळून आत सोडतो. ताटीतलं पाणी वाफ होतं तेव्हा एका ग्रॅममागं साडेपाचशेच्या आसपास कॅलरी उष्णता त्या हवेतून ओढून घेतं. 44 अंशांच्या कोरड्या दुपारी नीट भिजलेल्या ताटीतून हवा 28-30 अंशांपर्यंत उतरते. म्हणजे गारवा त्या वाहत्या हवेत आहे. वापरलेली हवा बाहेर पडली नाही, तर नवी आत येणार कुठून? खोली फुग्यासारखी भरते आणि पंखा नुसता भणभणत राहतो. कूलरच खोलीत ठेवून दार लावलं असेल, तर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ताटीतून जाते आणि रात्री दोनला गादी चिकट लागते. मग म्हणतात ताट्या खराब.

माझी सवय सांगतो. कूलर लावला की समोरच्या खिडकीत उदबत्ती धरतो. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर ठीक. धूर तिथंच घुटमळला, तर मी कूलरला हात न लावता खिडकी उघडून देतो आणि येण्याजाण्याचे पन्नास रुपये घेतो. लोकांना ते पन्नास रुपये फार लागतात. पंप बदलून चारशे घेतले असते तर हसत दिले असते.

कूलर हवा कुठून ओढतो तेही पाहत चला. एका घरी ताट्यांना वास येतो म्हणून एका उन्हाळ्यात तीनदा ताट्या बदलल्या. गवताच्या झाल्या, वाळ्याच्या झाल्या, मग ती मधाच्या पोळ्यासारखी खोक्याची जाळी झाली. मी मागं जाऊन पाहिलं, तर कूलरच्या बरोबर खाली उघडी नाली, आणि पलीकडं शेजाऱ्याचा उकिरडा. वाळ्याच्या ताटीतून रात्रभर नालीची हवा घरात भरत होती.

आणि मृग लागल्यावर कूलर घेऊन येऊच नका, राजेहो. पाऊस पडला की हवेतच पाणी असतं, ताटीतलं पाणी वाफ होणार कसं? तेव्हा पंप बंद करायचा, नुसता पंखा चालवायचा. टपात बर्फाच्या लाद्या टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं? किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी दीडशे ग्रॅम पाणी वाफ होतानाच ओढतं. बर्फाचे पैसे वाचवून ताटीचा वरचा भाग घट्ट भरा. गवत खाली बसून वर चार बोटं फट पडलेली असते आणि झळ तिथूनच येते.

आता करंट. याच्यावर मी जरा जास्तच बोलतो. बायको म्हणते लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच बोलतो.

लोखंडी पत्रा, त्यात पाणी, खाली ओली फरशी, आणि पाणी भरणारी बहुतेक घरातली बाई, तीही अनवाणी. एवढं जुळून आलेलं असताना प्लगच्या तिसऱ्या पिनेचं महत्त्व सांगायची गरज पडू नये. पडते. ती जाड पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते, कारण प्लग खोचताना गळका करंट जमिनीत नेणारं अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं. घरातला बोर्ड दोन पिनांचा म्हणून ती पिन करवतीनं कापलेले प्लग मी पाहिलेत. प्लगच नसेल तर वायरी सोलून भोकांत खोचायच्या आणि वरून आगकाडी ठोकायची, हा तर आमच्याकडचा राष्ट्रीय प्लग आहे.

यापेक्षाही वाईट एक शॉर्टकट आहे. तो मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून सविस्तर सांगतो.

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराचं लग्न. दुकानापासून चार घरं सोडून. पाहुण्यांसाठी भाड्यानं मोठा कूलर आणलेला, आणि त्याला हात लावला की झिणझिण्या. नवरदेवाचा मावसभाऊ आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होता. त्यानं बोर्ड उघडला, अर्थिंगचा टर्मिनल मोकळा दिसला, तो बोटभर वायरीनं न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला जोडून टाकला. "झालं अर्थिंग, काका." झिणझिण्या खरंच गेल्या. सगळ्यांनी पाठ थोपटली. मीही तिथंच चहा पीत होतो, आणि मी बोर्ड उघडून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. बल्ब गेले, पंखे थांबले, कूलर बंद पडला. लाइन गेली, असं सगळेच म्हणाले. लाइन गेली नव्हती. खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरीचा न्यूट्रलचा जोड वाऱ्यानं सुटला होता. करंट आणणारा फेज चालूच. तो बल्बांतून, पंख्यांतून घरातल्या न्यूट्रलच्या वायरीत उतरला, पुढं खांबाकडं वाट नाही, म्हणून त्या बोटभर वायरीनं कूलरच्या पत्र्यावर आला. म्हणजे कूलर बंद, आणि पत्र्यावर 230 व्होल्ट.

लाइन नाही तोवर टप भरून ठेवावा म्हणून नवरदेवाच्या काकू कळशी घेऊन गेल्या. पितळी कळशी पत्र्याला टेकली आणि काकू मागं फेकल्या गेल्या. फेकल्या गेल्या म्हणूनच वाचल्या. पत्रा मुठीत धरला असता तर सुटला नसता, करंटनं मूठ आवळते. मनगट मोडलं तेवढ्यावर भागलं. मी धावत जाऊन मेन पाडला, माणसं लांब केली, मग पुन्हा चढवून टेस्टर लावला. दोन्ही भोकांत पेटला. टेस्टर दोन्हीकडं पेटतो आणि घरात काहीच चालत नाही, तेव्हा न्यूट्रल तुटलेला असतो. त्या वेळी कशालाही हात लावायचा नाही, आधी मेन पाडायचा.

वादळच कशाला, जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल बोर्डात उलटे आलेले असतात. तिथं हीच करामत केली, तर बटन दाबायच्या आधीच पत्रा जिवंत. तो पोरगा आता चांगला वायरमन झालाय. माझ्याशी मात्र बोलत नाही.

मग अर्थिंग करायचं कसं? नळाला वायर गुंडाळून नाही. कधीकाळी नळाची लाइन लोखंडी होती तेव्हा थोडंफार चालून जायचं. आता जमिनीखाली प्लास्टिकचा पाइप आहे, ती वायर म्हणजे नुसती शोभा. घराबाहेर खड्डा, त्यात पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून बोर्डापर्यंत अखंड वायर. आमची माती काळी. पावसाळ्यात ती पाइपाला घट्ट धरते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइप मोकळा उभा राहतो. म्हणजे कूलर चालायच्या दिवसांतच अर्थिंग रजेवर. म्हणून मी माझ्या घरी कूलरचं काढलेलं पाणी बादलीनं अर्थिंगच्या खड्ड्यात ओततो. आठवड्यातून दोनदा. पाणी खारट झालेलं असतं, ते तर खड्ड्याला चांगलंच.

अर्थिंग लागतं की नाही हे मी 100 वॉटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहतो. लख्ख पेटला तर बरं, मिणमिणला तर खड्डा मेलेला. हे तुम्ही करू नका. अर्थिंग खराब असेल तर त्या क्षणी घरातले सगळे पत्रे जिवंत होतात. मी आधी सगळे प्लग काढतो आणि पोरंसोरं अंगणात पाठवतो. आणि मेनजवळ 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. अंगातून करंट जाऊ लागला की तो पापणी लवायच्या आत पडतो. एका घरी मी बसवून दिलेला आरसीसीबी त्यांनी पंधरा दिवसांत काढला, कारण "तो सारखा पडते". सारखा पडतो म्हणजे घरात कुठंतरी करंट गळतोय, किंवा कोणीतरी तीच न्यूट्रल-अर्थिंगची बोटभर वायर टाकून ठेवलीय. तापाचा थर्मामीटर फोडून टाकला म्हणजे ताप उतरत नाही!

हे सगळं होईस्तोवर एक तरी करा: टप भरताना प्लग काढा. नुसतं बटन बंद नाही, प्लगच. आणि कपडे वाळवायची तार कूलरच्या स्टँडला बांधू नका. तिचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या खिडकीच्या गजाला असतं. करंट तुमचा, झटका त्यांना, आणि भांडण पोळ्यापर्यंत.

शेजाऱ्यांवरून आठवलं, बोळीत डोक्याच्या उंचीला कूलर टांगू नका. सायकलवरच्या माणसाचं कपाळ तिथंच येतं.

पंखा "हूं" करतो पण फिरत नाही आणि काडीनं ढकलला की फिरतो, तर मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेलाय. काडीनं रोज ढकलत बसाल तर वायंडिंगही जाईल. कंडेन्सर बदलताना जुन्यावर जो आकडा लिहिलाय तोच घ्या. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मोठा टाकणारी पोरं हल्ली वाढलीत. पाती दोन दिवस जोरात फिरतात, तिसऱ्या दिवशी मोटार माझ्याकडं येते, जळक्या वासासकट. माझा धंदा होतो, तक्रार नाही. बुशला खोबरेल घालू नका, त्याचा चिकटा होतो. शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब.

पाण्याबद्दल थोडं. वाफ होतं ते नुसतं पाणी, क्षार टपातच राहतात. तुम्ही वरून भर घालत राहता आणि टपातलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. माझी बहीण दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यात दिली आहे; तिच्याकडच्या ताट्या मेच्या मध्यातच पापडासारख्या कडक आणि पांढऱ्या झालेल्या असतात. ताटी अशी झाली की तिच्यातून हवाही जात नाही आणि पाणीही उतरत नाही. पंपाची चकती अडकते तीही याच क्षारांनी. पंप उघडा, चकती लिंबाच्या पाण्यात घासा, नव्वद टक्के पंप पुन्हा चालतात. टप मात्र दर आठवड्याला पूर्ण रिकामा करायलाच हवा, आणि पाणीटंचाईत हे सांगताना मलाही जिवावर येतं. ते पाणी खड्ड्यात ओता, गोठा धुवा, पण काढा.

कारण दुसरं आहे, डास. डेंग्यूचा डास घाणीत नाही, अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, पत्रा काथ्यानं घासायचा. आशाताई दारात येऊन सांगतात तो कोरडा दिवस तो हाच. आमच्या गावात एकानं त्यांचं अर्धंच ऐकलं आणि टपात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. पंपानं सगळे ओढून घेतले. पंप घेऊन तो माझ्याकडंच आला, आणि त्या दिवशी मी पन्नासाचे शंभर घेतले.

कूलरमध्ये डास जास्त करून जूनमध्ये होतात, कूलर बंद असतो आणि टपात चार बोटं पाणी तसंच असतं तेव्हा. पावसाळा लागला की ताट्या काढून फेका. जपून ठेवलेली गवताची ताटी पुढच्या वर्षी कुबट वास देते. टप पुसून, दोन दिवस उन्हात वाळवून, आतून डांबर किंवा काळा रंग मारा. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि पत्रा सडतो. जुनं लुगडं टाका. आणि वायर टपात गुंडाळून माळ्यावर चढवू नका. पावसाळाभर उंदरांना दुसरं काम नसतं. मी वायर सोडवून खुंटीला टांगतो, प्लगसकट.