बुद्धी कशासाठी वापरायची: दाजीकडून हातउसने घ्यायच्या आधी करायची कांटची टेस्ट

आपल्याकडं ज्याला गोड बोलून काम काढून घेता येतं त्यालाच हुशार म्हणतात. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनं तर 1739 लाच लिहून ठेवलं की बुद्धी ही भावनांची गुलाम आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1785 ला उलटा सवाल टाकला, माणूस नुसता सुखासाठीच असता तर ते काम उपजत प्रेरणेनं जास्त चांगलं केलं असतं, मग बुद्धी दिली कशाला? त्याचं उत्तर, माणसाचा संकल्प, म्हंजे इरादा, चांगला व्हावा म्हणून. मला हे शंभर टक्के पटतं, आन् इरादा चांगला आहे का हे बगायची कांटची टेस्ट रोजच्या व्यवहारात वापरता येते.

समजा पेरणी तोंडावर आलीय, बी-खताला पैसे कमी पडायलेत, आन् दिवाळीला काय फिटत नाहीत हे पक्कं माहीत असून तुम्ही म्हणणार, "दाजी, सोयाबीन लातूरला अडतीवर गेलं की पहिले तुमचे." (खोटं वचन देऊन उसने घ्यायचं उदाहरण कांटनं स्वतःच दिलंय.)

आधी खरा इरादा एका ओळीत लिहा. "लेकरांसाठी थोडं खोटं बोललो" असं नाही, "अडचण आली की फेडणार नसलो तरी फेडतो म्हणून पैसे घ्यावेत" असं. इथं घाई करू नका, ही ओळच खोटी लिहिली तर पुढचं सगळं वाया. आन् या ओळीतला नियम इतका बारीकही करू नका की तो फक्त तुम्हालाच लागू पडंल, तसं केलं तर काहीबी पास होतं.

मग तोच नियम सगळ्या तालुक्याला लावा. सगळेच असं करायले तर "देतो" या शब्दावर कुणी विश्वास ठेवंल का, आन् मग तुम्हाला तरी उसने कोण देईल? नुकसान किती होईल याचा हिशोब इथं करायचा नाही, नियम स्वतःचाच पाया खातो का तेवढं बगायचं. "मी एकटाच तर करायलोय" असं मनात आलं तर थांबा, म्हंजे बाकीच्यांनी शब्द पाळावा आन् तुम्हाला तेवढी सूट पायजे.

शेवटी बगा, दाजीला खरं माहीत असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं का? नसतं, तर तुम्ही त्यांना माणूस म्हणून नाही, नुसतं साधन म्हणून वापरलं.

मग खरं सांगून मागा, "दिवाळीला जमणार नाही, पुढच्या हंगामाला देतो." पैसे कमी मिळतील, कदाचित मिळणारबी नाहीत.

आन् दाजीच्या जागी तुम्ही असाल तर "कुणी कुणाला मदत करू नये" हा नियम लावून बगा. तसं जग चालू शकतं असं कांटबी मानतो, पण तुम्हाला ते मनापासून पायजे का, कारण उद्या हात पसरायची वेळ तुमच्यावरबी येऊ शकते.